अस्वलाच्या गळ्यात टाय कशाला?

ते झाड तिसऱ्यांदा मागे गेलं तेव्हा आमच्या लेकीनं मला हाक मारली. "बाबा, लवकर या! तेच झाड परत परत येतंय!"

१९९५ सालची गोष्ट. त्या वर्षी मे महिन्यात कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली होती. दिवसभर कार्टून आणि रात्री टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे, असा एकाच वाहिनीवर दोघांचा संसार होता. आमच्या केबलवाल्यानं कृपावंत होऊन ती दाखवायला सुरुवात केली आणि घरातल्या जेवणाच्या वेळा बदलल्या. लेक तेव्हा तिसरीत होती. इंग्रजीचा गंध बेताचाच, पण तिचं काही अडत नव्हतं. मी शाखेतून घरी आणलेला सहामाही क्लोजिंगचा तक्ता डायनिंग टेबलावर पसरून बसलो होतो. ३ रुपये ४० पैशांचा फरक काही केल्या सापडत नव्हता. उठायला निमित्तच हवं होतं.

पडद्यावर एक तपकिरी अस्वल धावत होतं. डोक्यावर हिरवी टोपी, गळ्यात पांढरी कॉलर आणि हिरवा टाय, काखेत कुणाची तरी पळवलेली खाऊची टोपली. अंगावर बाकी काही नाही. मागून जाणारा देखावा असा : झाड, खडक, झुडूप, झाड, खडक, झुडूप. आम्ही दोघांनी मिळून मोजलं. एका पळापळीत ते झाड सात वेळा गेलं. लेकीला वाटलं, आपण कुणाची तरी चोरी पकडली. मला मात्र पाहताक्षणी वाटलं, इथं कुणीतरी पैसे वाचवलेत. चौदा वर्षं बँकेत काढल्यावर नजरेला तेवढं वळण लागतंच.

"आणि याच्या गळ्यात टाय कशाला?" लेकीचा पुढचा प्रश्न. "बाकीचे कपडे तर घातलेच नाहीत."

मी काहीतरी ठोकून दिलं असेल. साहेबाचा देश, तिथं अस्वलसुद्धा टाय लावतं, वगैरे. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला गेल्या दिवाळीत मिळालं, आणि तेही तिच्याकडूनच.

ते अस्वल म्हणजे योगी बेअर. त्याचे जन्मदाते दोन, विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा. यांतल्या बार्बेरावर माझा विशेष जीव आहे आणि त्याचं कारण अगदी स्वार्थी आहे. हा गृहस्थ मुळात बँकेतला! १९११ साली न्यूयॉर्कमध्ये, सिसिलीहून आलेल्या इटालियन कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वॉल स्ट्रीटवरच्या आयर्व्हिंग ट्रस्ट या बँकेत कारकुनी करत होता. काम प्राप्तिकराचे फॉर्म भरण्याचं. दिवस महामंदीचे. असल्या दिवसांत बँकेतली नोकरी म्हणजे केवढं भाग्य, असं आजूबाजूचे सगळे म्हणत असणार, आमच्याकडेही म्हणत. पण बार्बेराचा जीव तिथं रमेना. तो एकचित्री विनोद काढायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मासिकांच्या कचेऱ्यांचे जिने चढायचा. चित्रं परत यायची. मग एखादं 'कोलियर्स'सारख्या मासिकात छापून यायचं आणि पुन्हा हुरूप यायचा. वॉल्ट डिस्नेलाही त्यानं पत्र लिहिलं होतं. डिस्नेचं उत्तर आलं की न्यूयॉर्कला आलो म्हणजे फोन करीन. तो फोन कधी आला नाही. संपादकांच्या पोस्टकार्डांवर वर्षानुवर्षं जगलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही हकिगत वाचताना काय वाटलं असेल, ते मी लिहीत बसत नाही.

१९३२ साली त्यानं बँकेचा नाद सोडला आणि व्हॅन ब्यूरेन नावाच्या कार्टून स्टुडिओत शिरला. तो स्टुडिओ चार वर्षांत बंद पडला. मग दुसरा, आणि १९३७ मध्ये कॅलिफोर्नियात एम.जी.एम. तिथं त्याची गाठ हॅनाशी पडली. हॅना न्यू मेक्सिकोतल्या मेलरोझ गावात जन्मलेला, वयानं काही महिन्यांनी मोठा, बालवीर चळवळीत मुरलेला सरळमार्गी माणूस. मंदीत त्यानं मोटारी धुण्याचंही काम केलं होतं. बार्बेरा झरझर चित्र काढायचा आणि त्याहून झरझर विनोद सुचवायचा. हॅनाला चित्र बेताचंच येई, पण त्याच्या अंगात संगीताचा ताल होता. मांजर भिंतीवर आदळल्यावर किती क्षणांनी खाली घसरलं म्हणजे लोक हसतील, हे तो ठोक्यांत मोजून सांगायचा. या जोडीनं १९४० साली एक मांजर आणि एक उंदीर पडद्यावर आणला. 'टॉम अँड जेरी'ची ओळख करून देण्याची गरज नाही. या दोघांच्या हातून टॉम आणि जेरीचे ११४ लघुपट झाले आणि त्यांतल्या ७ लघुपटांना ऑस्कर मिळालं.

आता थोडा हिशेब. कंटाळू नका, हा हिशेब गमतीचा आहे.

सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये म्हणजे १० हजार ८० चौकटी झाल्या. एका चौकटीत टॉम एका पारदर्शक कागदावर, जेरी दुसऱ्या कागदावर, उडणारी बशी तिसऱ्यावर, आणि सगळ्यांच्या खाली रंगवलेला देखावा. त्यामुळे एकेका लघुपटाला १४ हजारांच्या आसपास चित्रं लागायची. प्रत्येक चित्र आधी पेन्सिलनं, मग शाईनं, मग मागच्या बाजूनं रंग भरून. खर्च ४० हजार डॉलरच्या वर. आणि गती? सतरा-अठरा वर्षांत ११४, म्हणजे वर्षाला सहा-सात.

१९५७ साली एम.जी.एम.च्या हिशेबनिसांच्या एक गोष्ट लक्षात आली. जुनी कार्टून चित्रपटगृहांतून पुन्हा दाखवली तर नव्याइतकीच, म्हणजे नव्याच्या ९० टक्के कमाई होते. मग नवी काढायचीच कशाला? एक फोन आला आणि सगळा विभाग बंद झाला. वीस-वीस वर्षं तिथं चित्रं काढणारी माणसं एका फोनवर घरी गेली. सात ऑस्करवालेही त्यांच्याबरोबर गेले.

मी हे प्रथम वाचलं तेव्हा, खरं सांगतो, माझ्यातला बँकवाला म्हणाला की हिशेबात काही चूक नाही. अशी टिपणं मीही लिहिली आहेत. तालुक्याच्या एका शाखेबद्दल 'सदर शाखा चालू ठेवणे आर्थिकदृष्ट्या समर्थनीय वाटत नाही' हे वाक्य माझंच होतं. त्या शाखेतल्या शिपायाला मी वर्षाच्या आत ओळखेनासा झालो होतो. असो.

गेल्या दिवाळीच्या आधी, एका शुक्रवारी संध्याकाळी, आमच्या लेकीला एक ई-मेल आलं. ती ज्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करत होती, त्यानं तिचा अख्खा विभाग बंद केला होता. परदेशातल्या मालिकांचं काम तिथं यायचं आणि ती अठरा जणांच्या चमूची प्रमुख होती. मेलच्या खाली सहीसुद्धा नव्हती, नुसतं विभागाचं नाव. १९५७ मध्ये निदान फोन तरी आला होता.

इथं मला थोडं मागं जायला हवं. बी.कॉम. झाल्यावर लेकीनं अ‍ॅनिमेशनचा कोर्स करायचं ठरवलं तेव्हा घरात जो माणूस आडवा आला, तो मी. बँकेच्या परीक्षेचे फॉर्म मी आणून ठेवले होते. "चित्रं काढून पोट भरतं का?" असं मी तिला विचारलं. रात्री अकरानंतर बँकेच्याच कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसानं हे विचारावं! शैक्षणिक कर्जाचं टेबल माझ्याकडेच होतं, तरी मी हललो नाही. शेवटी हिनं मला न विचारता आपली मुदतठेव मोडली. माझ्याच शाखेत. मुदतपूर्व मोडणीच्या व्हाउचरवर एक टक्का दंड कापून सही कुणी केली असेल, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

तर ती दिवाळीला मुलाला घेऊन आली, आणि 'मी सांगत होतो' हे तीन शब्द पहिले चार दिवस माझ्या जिभेवर होते. ते मी चकलीबरोबर गिळले.

पाचव्या दिवशी नातू पडद्यावर काहीतरी बघत होता, आणि बघतो तो काय, तेच अस्वल! मी लेकीला त्या झाडाची आठवण दिली. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, टाय कशाला ते सांगू का तुम्हाला?"

तिनं एका वहीच्या पानावर अस्वल काढलं. मग टायच्या वरच्या कडेनं कात्रीनं कापून मुंडकं वेगळं केलं. धड टेबलावर ठेवलं आणि मुंडकं नुसतं थोडं तिरकं केलं. अस्वल विचारात पडलं. पुन्हा दुसरीकडे कलतं केलं. अस्वल लबाड झालं. जोड कुठंच दिसत नव्हता, कारण तो कॉलरखाली होता.

"धड एकदाच काढायचं," ती म्हणाली, "बोलताना फक्त डोकं हलवायचं. डोकंही नको असेल तर फक्त तोंड. कॉलर नसती तर मान जिथं कापली ती रेघ प्रत्येक वेळी दिसली असती."

म्हणजे तो टाय साहेबाचा नव्हताच. तो काटकसरीचा होता! एकदा हे कळलं की डोळे उघडतात. योगीचा छोटा मित्र बूबू, त्याच्या गळ्यात बो. निळा कुत्रा हक्लबेरी हाउंड, त्याच्याही गळ्यात बो. पुढे फ्लिंटस्टोन नावाचा अश्मयुगातला माणूस आला, तो कातडं पांघरतो पण टाय लावतो. ही पात्रं रेखाटणारा एड बेनेडिक्ट हाही एम.जी.एम.चाच जुना माणूस. जाड, ठाम रेषा, कमी वळणं. कुणीही कारागिरानं उचलावं आणि भराभर काढावं असं सोपं रूप त्यानं दिलं.

नोकरी गेल्यावर हॅना आणि बार्बेरा यांनी त्याच वर्षी, १९५७ च्या जुलैमध्ये, स्वतःची कंपनी काढली. नाव कुणाचं आधी, हे नाणं उडवून ठरलं. जागा मिळाली ती एके काळच्या चार्ली चॅप्लिनच्या स्टुडिओत. पैसा आणि विक्रीची जबाबदारी कोलंबियाच्या 'स्क्रीन जेम्स' या दूरदर्शन शाखेनं घेतली. पण पैसा किती? पाच मिनिटांच्या कार्टूनला सुमारे ३ हजार डॉलर. एम.जी.एम.मध्ये एका मिनिटाला साडेपाच हजारांवर खर्च व्हायचा, इथं सहाशे. कर्ज मागायला माझ्यासमोर ही दोघं बसली असती, तर 'आधी होता त्याच्या एक दशांश खर्चात तोच माल कसा काढणार?' हा प्रश्न मी नक्की विचारला असता आणि फाइल परत केली असती.

त्यांच्याजवळ एक उत्तर होतं. 'टॉम अँड जेरी' काढताना सगळी १४ हजार चित्रं रंगवण्याआधी ते एक कच्ची रीळ करून बघत. मोजक्या ठळक पवित्र्यांची पेन्सिलची चित्रं, हॅनाच्या तालात बसवलेली. मांजर उभं, मांजर दचकलेलं, मांजर भिंतीत. मधली हालचाल नाहीच. आणि ती कच्ची रीळ पाहूनसुद्धा स्टुडिओतली माणसं हसत. आज ना उद्या टाकून द्यायची ती रीळ आता त्यांच्या कामाला आली. दूरदर्शनचा पडदा लहान, चित्र काळंपांढरं. त्यावर बारीक हालचाल दिसणार तरी किती? मग ठळक पवित्रे ठेवा, बाकीचं गाळा. १४ हजार चित्रांचं काम दोन हजारांच्या आसपास आणलं.

पहिला प्रयोग एका मांजराचा आणि कुत्र्याचा, 'रफ अँड रेडी', १९५७ च्या डिसेंबरात. मग १९५८ च्या शरद ऋतूत 'हक्लबेरी हाउंड शो' आला, केलॉग्ज या कॉर्नफ्लेक्सवाल्या कंपनीच्या पैशावर. अर्ध्या तासात तीन कार्टून, आणि त्यांतलं एक योगीचं. जिथं वर्षाला सहा-सात व्हायची, तिथं आता आठवड्याला तीन!

गाळलेल्या हालचालींच्या जागा कशानं भरायच्या? आवाजानं. आधी संवाद ध्वनिमुद्रित व्हायचे, चित्रं नंतर. योगीचा आवाज डॉज बटलर या बुटक्या नटाचा. त्या काळच्या 'हनीमूनर्स' मालिकेतल्या आर्ट कार्नीच्या नॉर्टनची ढब त्यात लोकांना ओळखू यायची. हक्लबेरीचा संथ दक्षिणी आवाजही बटलरचाच. बूबू आणि वनरक्षक स्मिथ हे दोघेही डॉन मेसिक, म्हणजे स्मिथ बूबूला दटावतो तेव्हा एकच माणूस स्वतःला दटावत असतो. अस्वल कड्यावरून पडतं ते दाखवायचंच नाही. ते चौकटीबाहेर जातं, धडाम् आवाज होतो, कॅमेरा थोडा हादरतो, आणि परत येतं तेव्हा टोपी वाकडी. पडण्याची पन्नास-साठ चित्रं वाचली. चालताना पाय दिसू नयेत म्हणून कमरेवरची चौकट. आणि मागून तेच झाड.

चक जोन्स या मोठ्या कार्टूनकारानं या साऱ्याला सचित्र रेडिओ म्हणून हिणवलं होतं. टीका जिव्हारी लागणारी आहे आणि बरीचशी खरी आहे. 'टॉम अँड जेरी'त एक शब्द न बोलता जे होतं, ते योगीत होत नाही. पुढच्या काळात या कारखान्यातून इतका माल बाहेर पडला की त्यातला पुष्कळसा केवळ माल होता, हेही मी म्हणतो. पण पहिल्या दोन-तीन वर्षांतला योगी काढून पाहा. गरिबीतही त्या लेखकांनी संवादांत जीव ओतला आहे. १९६० मध्ये 'हक्लबेरी हाउंड शो'ला एमी पुरस्कार मिळाला, तो कार्टून मालिकेला मिळालेला पहिला. १९६१ च्या जानेवारीत योगीला स्वतःचा वेगळा कार्यक्रमच मिळाला.

शिवाय मला दगड मारायचा अधिकार नाही. एका साप्ताहिकासाठी मी क्रमशः कादंबरी लिहीत असे. दर बुधवारी मजकूर पोहोचायला हवा आणि त्याच आठवड्यात शाखेत इन्स्पेक्शन. एका समीक्षकानं लिहिलं होतं की यांची पात्रं चहा फार पितात. खरं आहे. पात्रांना प्रवासाला पाठवलं की गाव उभं करावं लागतं, एस.टी. स्टँड उभा करावा लागतो. चहाला दोन कप आणि चार वाक्यं पुरतात. माझं झाड ते.

योगी या नावाचीही एक गोष्ट आहे, आणि ती फिरून आपल्या दारात येते. बेसबॉलचा नामांकित खेळाडू योगी बेरा यानं या अस्वलामुळे आपली बदनामी झाली म्हणून दावा लावला होता, पुढे तो मागे घेतला. कंपनीचं म्हणणं, नावाचं साम्य निव्वळ योगायोग. (यावर ज्यानं त्यानं आपापला विश्वास ठेवावा.) पण बेरा तरी योगी कसा झाला? तर लहानपणी त्याच्या एका मित्रानं चित्रपटगृहात भारतावरचा एक माहितीपट पाहिला, त्यात मांडी घालून बसलेला योगी होता, आणि खेळण्याची पाळी यायची वाट पाहत हा बेरा तसाच बसायचा! आपला योगी असा मांडी घालून अमेरिकेत गेला आणि पळवलेली टोपली काखेत घेऊन परत आला. २०१५ मध्ये बेरा वारला तेव्हा एका मोठ्या वृत्तसंस्थेनं घाईत बातमी दिली, ती 'योगी बेअर यांचे निधन' अशी.

योगी राहतो ते जेलीस्टोन उद्यान म्हणजे अर्थातच यलोस्टोन, १८७२ साली स्थापन झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथं त्या काळी अस्वलं खरोखरच रस्त्याच्या कडेला उभी राहून मोटारवाल्यांकडून खाऊ घेत. माथेरानला ज्यांच्या हातातली वेफरची पिशवी माकडानं लांबवली आहे, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. पण अस्वल म्हणजे माकड नव्हे. १९३१ ते १९६९ या काळात यलोस्टोनमध्ये दर वर्षी सरासरी ४८ माणसं अस्वलांकडून जखमी होत होती. १९७० पासून उद्यानानं नियम कडक केले, कचऱ्याचे उघडे खड्डे बुजवले, खाऊ देणं खरोखर बंद केलं. ज्या वनरक्षक स्मिथवर आपण सगळे लहानपणी चिडलो, तो बिचारा बरोबर होता. सोकावलेल्या अस्वलाचा शेवट बहुधा गोळीनं होई.

योगीच्या अगदी पहिल्या गोष्टीत तर तो त्या उद्यानातून पळून जायच्या खटपटीत असतो. नाना युक्त्या करतो, सगळ्या फसतात. शेवटी एकदाचा बाहेर पडतो आणि बघतो तर बाहेर शिकारीचा हंगाम सुरू झालेला! जीव मुठीत धरून तो परत आत शिरतो. आमच्या बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा मी फॉर्म भरून खिशात ठेवला होता. पूर्ण वेळ लेखन करायचं होतं. तीन दिवस तो फॉर्म खिशात फिरला. चौथ्या दिवशी मी तो फाडला आणि नियत वयोमानानुसारच बाहेर पडलो. ती कार्टूनची गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती, नाहीतर निदान हसत हसत फाडला असता.

ही सगळी चित्रं आमच्या घरात शिरली त्याचा प्रवासही पैशाचाच. १९९१ मध्ये टेड टर्नरनं हॅना-बार्बेरा कंपनी विकत घेतली, ती तिच्या हजारो जुन्या रिळांसाठी. त्या रिळांच्या बळावर १९९२ मध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्क उभं राहिलं आणि तीन वर्षांनी आपल्याकडे आलं. म्हणजे १९५७ साली हिशेबनिसांनी जे तत्त्व काढून या दोघांना घरी बसवलं, की जुनंच पुन्हा दाखवा, त्याच तत्त्वावर त्यांचं अस्वल माझ्या लेकीपर्यंत पोहोचलं. हॅना २००१ मध्ये गेला, बार्बेरा २००६ मध्ये, पंचाण्णव वर्षांचा होऊन.

त्या दिवाळीच्या संध्याकाळी मी लेकीला विचारलं, की एम.जी.एम.मधून ज्यांना काढलं त्या बाकीच्यांचं काय झालं? तिला ते ठाऊक होतं. पुष्कळसे या दोघांच्याच नव्या कंपनीत आले. ज्या केन म्यूझनं वर्षानुवर्षं जेरीला पळवलं होतं, तोच आता योगीला पळवत होता. निम्म्याहून कमी रेघांत.

"त्यांना वाईट वाटलं असेल ना गं?" मी म्हणालो. "असल्या हातांनी असलं काम करायचं म्हणजे."

"वाटलंच असणार," ती म्हणाली. कापलेलं मुंडकं ती बोटानं इकडून तिकडे सरकवत होती. "पण आम्ही आज संगणकावर हेच करतो, बाबा. हात वेगळा, डोकं वेगळं, तोंडं आठ-दहा प्रकारची. एकदा बाहुली बांधली की सरकवायची. मला नाही कमी वाटत. मला फक्त त्या मेलचं वाईट वाटलं."

एवढं बोलून ती मुलाला जेवायला हाक मारायला गेली. दोन दिवसांनी तिच्या जुन्या चमूतले तिघं जण घरी आले. आमच्या त्याच डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडले गेले, हिनं दोनदा पोहे केले. चार माणसांचा छोटा स्टुडिओ, एक माकडाची मराठी मालिका, मिनिटाला खर्च अमुक, असलं काहीतरी चाललं होतं. मी आत जाऊन पेपर वाचत बसलो. वाचत नव्हतो, ऐकत होतो. रात्री ते गेल्यावर ती एक कागद घेऊन माझ्या खोलीत आली.

"बाबा, एवढ्यात सहा महिने निघतील का, जरा बघता? बँक काय म्हणेल ते सांगा. तुमचं म्हणणं नंतर सांगा."

मी चष्मा पुसून लावला आणि पेन्सिल शोधली. तिसऱ्या रकान्यात, भाड्याखालच्या बेरजेत, एक हातचा राहून गेला होता.